खाते उघडल्यानंतरचा प्रश्न: आर्थिक तंत्रज्ञान आणि नाशिक जिल्हा

बँकेला गरीब ग्राहक नको असतो, असे सर्रास म्हटले जाते. त्यामागे माणसांबद्दलची तुच्छता असतेही, पण त्याहून मोठे कारण हिशेबाचे असते. पाचशे रुपयांचा भरणा घ्यायला कारकुनाला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच पन्नास हजारांच्या भरण्याला लागतो. खाते उघडताना फॉर्म, फोटो, सहीचा नमुना, रहिवासाचा पुरावा आणि त्या सगळ्याची पडताळणी हे काम दोन्ही ग्राहकांसाठी सारखेच करावे लागते, पण बँकेची कमाई मात्र खात्यातल्या शिलकीच्या प्रमाणात होते. शाखेचे भाडे, तिजोरी, पहारा आणि पगार यांचा खर्च त्यात धरला की लहान खाते बँकेला तोट्यात घालते. म्हणूनच नाशिक शहरात शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर आणि कॉलेज रोडच्या पट्ट्यात बँकांची दाटी झाली, आणि सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरच्या माणसाला स्वतःचेच हजार रुपये काढण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याचे गाव गाठावे लागले.

बँका जिथे पोहोचल्या नाहीत, तिथे दुसऱ्या व्यवस्था उभ्या राहिल्या. पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दुकानाच्या दारात येऊन वीस-पन्नास रुपये घेऊन जाई. बायका भिशी लावत, पुढे बचत गट आले. शेतकऱ्याला पीककर्जासाठी विकास सोसायटी होती आणि तिथेही काम झाले नाही तर सावकार होता. यातल्या प्रत्येकाची किंमत वेगळी होती, कुठे ठेव बुडण्याची भीती तर कुठे शेकडा तीन-पाच रुपयांचे व्याज, पण ही माणसे ओळखीची होती आणि दारात येत होती, हे त्यांचे खरे भांडवल होते.

आर्थिक तंत्रज्ञान, ज्याला आता सरसकट ‘फिनटेक’ म्हणतात, याचा प्रभाव समजून घ्यायचा असेल तर या हिशेबापासूनच सुरुवात करावी लागते. मोबाइल, आधार, क्यूआर कोड, कर्जाची अ‍ॅप्स या सगळ्यांनी मिळून लहान व्यवहाराचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. त्यामुळे जो ग्राहक पूर्वी परवडत नव्हता तो परवडू लागला, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत दिसलेला विस्तार बहुतांशी या एका बदलातून आला आहे. मात्र व्यवहार चुकला, अडकला किंवा फसवणुकीचा निघाला, तर तो दुरुस्त करून घेण्याचा खर्च तेवढा घटलेला नाही. उलट समोरचा ओळखीचा माणूस गेल्याने तो अनेकांसाठी वाढला आहे. ज्याच्याकडे वेळ, कागदपत्रे आणि इंग्रजी आहे त्याला हा खर्च जाणवत नाही. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्यासाठी मात्र सेवा मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न इथेच ठरतो, आणि या विषयावरच्या चर्चेत नेमकी हीच बाजू मागे पडते असे मला वाटते.

विस्ताराची पायरी ओळखीच्या पुराव्याने रचली गेली. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नाशिक विभागातल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. ज्याच्याकडे वीजबिल नाही, भाडेकरार नाही, रेशनकार्डावरचे नावही धड नाही, अशा माणसाची ओळख बोटाच्या ठशावरून काही सेकंदांत पटवता येऊ लागली, तेव्हा खाते उघडण्यातला सगळ्यात खर्चिक भाग संपला. त्यावर २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेली जनधन योजना उभी राहिली. किमान शिलकीची अट नसलेल्या या खात्यांची संख्या ऑगस्ट २०२३ पर्यंत ५० कोटींच्या पुढे गेली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खाती महिलांची आहेत. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये भारतातल्या ३५ टक्के प्रौढांकडे खाते होते, तर २०२१ मध्ये ७८ टक्क्यांकडे. पण त्याच २०२१ च्या पाहणीत खातेधारकांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी वर्षभरात त्या खात्यात एकदाही पैसे भरले नव्हते की काढले नव्हते. खाते उघडण्याचा प्रश्न सुटला होता. ते वापरण्याचा प्रश्न वेगळा होता.

तिसरा थर पैसे पाठवण्याच्या सोयीचा. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये आणलेली यूपीआय ही व्यवस्था स्वतः पैसे ठेवत नाही. ती वेगवेगळ्या बँकांतल्या खात्यांना जोडणारा सामाईक रस्ता आहे. आपण क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकतो तेव्हा अ‍ॅप फक्त निरोप पोहोचवते, आणि रक्कम एका बँकेच्या खात्यातून थेट दुसऱ्या बँकेच्या खात्यात जाते. अ‍ॅप कोणत्याही कंपनीचे असले तरी चालते, दुकानदाराला महागडे यंत्र घ्यावे लागत नाही, आणि जानेवारी २०२० पासून या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या मासिक व्यवहारांनी १००० कोटींचा टप्पा ओलांडला. पंचवटीत भाजीच्या हातगाडीवर साउंडबॉक्स वाजतो तो या तिन्ही गोष्टी जुळल्यामुळे.

रोख रक्कम यामुळे संपली, असे मात्र नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा होत्या, मार्च २०२४ अखेर त्या ३५ लाख कोटींच्या आसपास पोहोचल्या. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसला काम कमी पडेल अशी चिन्हे तूर्त दिसत नाहीत.

हातगाडीवाल्यासाठी या साउंडबॉक्सचे महत्त्व सुट्ट्या पैशांच्या सोयीपुरते नाही. पूर्वी त्याच्या धंद्याचा कुठेही पुरावा नसे. आता रोज किती रक्कम आली याची नोंद बँकेत होते. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना तारणाशिवाय पहिले कर्ज दहा हजार रुपयांचे ठेवले होते. ते वेळेवर फेडल्यावर पुढचे मोठे कर्ज आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक मिळे. व्यवहाराच्या नोंदीतून पत उभी राहावी, हा त्यामागचा विचार होता.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर आजही बँक म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप किंवा मोबाइल, बोटाचा ठसा घेणारे छोटे यंत्र आणि ते चालवणारा बँक मित्र. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, आणि आधारवर चालणाऱ्या पेमेंट प्रणालीमुळे त्या व्यवस्थेत खरी हालचाल आली. खातेदाराने बँकेचे नाव आणि आधार क्रमांक सांगायचा, ‘थम’ लावायचा. यंत्र तो ठसा आधारच्या नोंदीशी पडताळते, बँक रक्कम वजा करते आणि बँक मित्र आपल्या गल्ल्यातून रोख देतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार रुपये काढता येतात. कार्ड, पिन, सही, अक्षरओळख यांतले काहीही लागत नाही. तालुक्याचे गाव गाठण्याचा एक दिवस वाचतो, हा फायदा शहरात बसून पुरता कळत नाही.

ही साखळी जिथे कमजोर आहे ती जागा म्हणजे बोट. ज्यांनी आयुष्यभर कांदा कापला, द्राक्षबागेत छाटणी केली, सिन्नरकडे विड्या वळल्या किंवा बांधकामावर सिमेंट कालवले, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र ‘ठसा जुळत नाही’ म्हणते, बँक मित्र हात धुऊन पुन्हा लावायला सांगतो, मग दुसरे बोट, मग उद्या या. सगळ्यात जास्त अंगमेहनत करणाऱ्यालाच सगळ्यात जास्त वेळा परत पाठवणारी ही यंत्रणा आहे. चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आली आहे, पण तिलाही चांगला कॅमेरा आणि चालू नेटवर्क लागतेच.

दुसरी अडचण बँक मित्राच्या मिळकतीची आहे. त्याला व्यवहारामागे कमिशन मिळते, आणि हजार-दोन हजारांच्या व्यवहारावर ते काही रुपयांच्या पुढे जात नाही. त्याला रोख आणण्यासाठी स्वतः शाखेत जावे लागते, वीज आणि इंटरनेटचा खर्च करावा लागतो, आणि गल्ल्यातली रक्कम सांभाळण्याची जोखीमही त्याचीच असते. नियमाप्रमाणे त्याला ग्राहकाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. तरीही हजारामागे दहा-वीस रुपये कापले जातात, तेव्हा पावती मागायला हवी हे खरे, पण चूक एकट्या त्या माणसाची आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. पाड्यावर सेवा देण्याचा खरा खर्च बँकेने उचलला नाही, तर तो पाड्यावरच कोणाकडून तरी वसूल होतो.

तिसरी अडचण लोकांच्या रोजच्या प्रश्नात दिसते: ‘पैसे पडले का?’ लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये असोत की पीएम किसानचा २००० रुपयांचा हप्ता, हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. इथे ‘आधार जोडलेले’ या शब्दांमुळे मोठा गोंधळ होतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे तो क्रमांक बँकेच्या दप्तरी नोंदला जातो. सरकारी रक्कम कोणत्या बँकेत पाठवायची हे मात्र राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडच्या एका वेगळ्या नोंदीवरून ठरते, आणि त्या नोंदीत एका आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचे नाव असते: सगळ्यात शेवटी जोडली गेलेली बँक. एखाद्या महिलेने मधल्या काळात कोणा एजंटच्या आग्रहाखातर किंवा गावातल्या शिबिरात दुसरे खाते उघडले आणि तिथे संमतीच्या फॉर्मवर अंगठा दिला, तर पुढचे सगळे पैसे त्या नव्या खात्यात जातात. ती मात्र जुने पासबुक घेऊन बँकेत फेऱ्या मारते आणि तिथला कर्मचारी तिला खरेच सांगतो की पैसे आलेले नाहीत. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की बँकेचे नाव दिसते. २०२४ मध्ये बँकांच्या दारात ज्या रांगा लागल्या, त्यांतल्या निदान काही महिला पैसे येऊनही ते कुठे आले हे ठाऊक नसल्यामुळे उभ्या होत्या.

यात मोबाइल क्रमांकाचा पेच मिसळतो. यूपीआय सुरू करायचे तर खात्याला जोडलेले सिमकार्ड त्याच फोनमध्ये असावे लागते. घरात एकच स्मार्टफोन, तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात, आणि खात्यालाही त्याचाच क्रमांक दिलेला, असे असेल तर कागदावर खाते बाईचे आणि व्यवहारात ते दुसऱ्याचे राहते. ओटीपी ज्याच्याकडे येतो, त्याच्याकडेच खात्याची चावी असते. रिचार्ज परवडत नाही म्हणून क्रमांक बंद पडला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि बँकेचे निरोप परक्याच्या फोनवर जाऊ लागतात. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आणले गेले, पण ते वापरणारा माणूस मला गावात शोधूनही सापडत नाही.

बाजार समितीत या बदलाचे रूप आणखी वेगळे आहे. नोटाबंदीनंतर लासलगावसारख्या बाजारांत व्यापाऱ्यांकडे रोख नव्हती आणि कांद्याचे पैसे चेकने मिळू लागले. त्याच सुमारास, १४ नोव्हेंबर २०१६ रोजी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. म्हणजे शेतकऱ्याची हक्काची बँक नेमकी त्या वेळी बाजूला पडली. आज बँकेतून थेट रक्कम जमा होते तेव्हा विक्रीची पक्की नोंद राहते, जी उद्या कर्ज मागताना कामी येते. पण शेतकऱ्याचा रोखीसाठीचा हट्ट अडाणीपणाचा नसतो. गाडीभाडे, हमाली आणि मजुरी त्याला त्याच संध्याकाळी द्यायची असते. शिवाय थकीत कर्ज असलेल्या खात्यात कांद्याचे पैसे पडले, तर बँक ते आधी वळते करून घेईल अशी धास्ती असते, आणि ती नेहमीच अनाठायी नसते.

कर्ज हा या विषयातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग आहे. पैसे पाठवताना एका क्षणात व्यवहार संपतो. कर्ज देताना समोरचा परत करील का, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी पूर्वी सातबारा, जामीनदार किंवा पगारपत्रक लागे, आणि शिवाय सोसायटीच्या सचिवाची ओळखही लागे. आता त्यांच्या जोडीला खात्यातल्या व्यवहारांची नोंद आली. अकाउंट अ‍ॅग्रिगेटर या व्यवस्थेतून, जी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाली, ग्राहक आपल्या संमतीने एका बँकेतली माहिती दुसऱ्या संस्थेला ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी दाखवू शकतो. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. या नोंदी एकत्र आल्या तर जामीनदार नसलेल्यालाही कर्ज मिळू शकते. मात्र जमीन आजोबांच्याच नावावर राहिली असेल, किंवा बाई शेत कसते आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसेल, तर संगणकाला ती शेतकरी दिसतच नाही. जुन्या कागदातली उणीव डिजिटल झाली म्हणून भरून निघत नाही.

अंबड-सातपूरच्या कामगाराला महिनाअखेरीस पाच-दहा हजारांची गरज पडते, तेव्हा त्याच्यापुढे अ‍ॅपवरचे कर्ज असते, आणि त्याची खरी किंमत कशी काढायची हे कळणे महत्त्वाचे आहे. समजा, दहा हजारांचे कर्ज ३० दिवसांसाठी शेकडा दोन रुपयांनी मिळते आहे. प्रक्रिया शुल्क ८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ९४४ रुपये आधीच कापून हातात ९०५६ रुपये येतात आणि महिन्याने १०,२०० परत द्यायचे असतात. म्हणजे ९०५६ रुपये वापरण्याची किंमत ११४४ रुपये झाली. हा दर महिन्याला साडेबारा टक्क्यांच्या पुढे जातो आणि वर्षाला दीडशे टक्क्यांच्या वर. जाहिरातीत ‘फक्त दोन टक्के’ असते आणि तेही खोटे नसते. शेकडा पाचाने देणारा सावकार या हिशेबात स्वस्त ठरतो. फरक एवढाच, की अ‍ॅप ओसरीवर ताटकळत बसवत नाही आणि चार लोकांत नाव घेत नाही. पूर्वी काही अ‍ॅप्सनी तेही केले: फोनमधली नावे उचलून नातेवाइकांना फोन लावले, फोटोंची विटंबना केली.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घातले. त्यानुसार रक्कम कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी; सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर दाखवणारे मुख्य माहितीपत्रक आधी द्यायला हवे; ठरलेल्या मुदतीत दंड न भरता कर्ज परत करता यायला हवे; आणि अ‍ॅपने फोनमधल्या संपर्कांना व फोटोंना हात लावता कामा नये. नियम चांगले आहेत, फक्त ते नियमाखालच्या संस्थांनाच लागू पडतात. ज्या अ‍ॅपवर कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव कुठेच दिसत नाही, ते तिथेच बंद करावे.

विम्याबद्दल थोडक्यात. राज्यात २०२५ च्या खरिपापूर्वी पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, आणि ती अ‍ॅपवरून देता येई. अवकाळीने कांद्याचे शेत पाण्याखाली गेलेले, वीज गेलेली आणि मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी हे ७२ तास फार लवकर संपत.

आता दुरुस्तीकडे, कारण घरात कोणाला तरी हे ठाऊक असायला हवे. पैसे फसवणुकीने गेले असतील तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करावा आणि लगेच बँकेला कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाण्याआधी ती गोठवता येते, त्यामुळे इथे तासांना महत्त्व आहे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. आधारच्या अ‍ॅपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात आणि गरज पडेल तेव्हा उघडता येतात. ज्या बँकेने चूक केली तिच्याकडे आधी लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि त्याबद्दलची चौकशी १४४४८ वर करता येते. २०२१ मध्ये या तक्रारी स्वीकारण्याची व्यवस्था एकत्र केली गेली आणि कागदी तक्रारींसाठी चंदीगडचा पत्ता दिला गेला. पेठच्या एखाद्या आजीबाईने पोस्टाने पाठवलेला अर्ज तिकडे जातो, हे लक्षात ठेवून त्यात खाते क्रमांक, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक न चुकता लिहावा.

पतसंस्था या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करावी लागते. बँकेतल्या ठेवींना मिळणारे पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही, मग तिचे अ‍ॅप कितीही देखणे असो आणि पिग्मी एजंटच्या हातात पावती देणारे नवे यंत्र असो.